'गळ्यात नाही' म्हणजे नक्की कुठे नाही?

डोंबिवलीच्या एका वडिलांचा प्रश्न थोडक्यात असा. दोन मुली. थोरली चौदाची, कुठेही न शिकता ऐकलेलं गाणं तसंच्या तसं म्हणते. सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी बक्षीस तिचंच. धाकटी अकराची, तीन वर्षं क्लासला जाते, रोज अर्धा तास न सांगता रियाजाला बसते, आणि तरी बेसूर. क्लासच्या सरांनी शेवटी सांगून टाकलं, "हिच्या गळ्यात नाही हो. पैसे वाया घालवू नका." तर धाकटीचं गाणं बंद करून थोरलीकडे लक्ष द्यावं का? आणि एकूणच माणूस पुढे येतो तो अंगच्या देणगीवर, की मेहनतीवर?

मी दादरला एकतीस वर्षं गाणं शिकवते. त्याआधी गिरगावात माझ्या गाण्याच्या बाईंच्या खोलीवर सात वर्षं नवशिक्यांना सा लावून देण्याचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे बाईंचा आत चहा होईपर्यंत बाहेरची मुलं जागेवर आणि सुरावर राहतील एवढं बघायचं. हजारभर गळे तरी कानांवरून गेले असतील. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: धाकटीचं बंद करू नका, क्लास बदला. काळजी करायचीच असेल तर थोरलीची करा.

आता सविस्तर. या विषयावर आपल्याकडे दोन म्हणी आहेत आणि दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात. शेजाऱ्याची मुलगी पुढे गेली की 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात', आणि आपली मागे राहिली की 'प्रयत्नांती परमेश्वर'. दोन्ही म्हणींचा उपयोग मन शांत करायला होतो. कोणत्या मुलीला उद्या सकाळी काय शिकवायचं, हे त्यातून कळत नाही. मला रोज तेच ठरवायचं असतं, म्हणून मी 'गळा' या शब्दाची फोड करून बघते.

आपण ज्याला गळा म्हणतो त्यात किती वेगवेगळ्या गोष्टी आहेत बघा. दोन सुरांमधला फरक ऐकू येणं ही कानाची गोष्ट. ऐकलेला सूर गळ्याने गाठणं ही निराळी, ती कान आणि गळा यांच्या जोडणीची. आवाजाची जात, म्हणजे तो गोड की घोगरा, पातळ की भरीव, ही तिसरीच. ती बरीचशी हाडामांसात ठरून येते. लय वेगळी. ऐकलेलं लक्षात राहणं वेगळं. आणि मांडी घालून, कंटाळा आला तरी बसून राहणं, ज्याला आमच्यात 'बैठक' म्हणतात, ती तर वेगळीच. एका मुलीत हे सगळे आकडे एकदम लागले असं मी क्वचित पाहिलं. बहुतेकांना दोन-तीन लागतात. तुमच्या थोरलीला कान, जोडणी आणि आठवण लागलीय. धाकटीला बैठक लागलीय हे तर तुम्हीच लिहिलंय. बाकी काय लागलंय हे अजून कोणी तपासलेलंच नाही, आणि माझा राग आहे तो यावर.

जन्मतःच ज्यांच्या कानाला सुरांमधला फरक कळत नाही अशी माणसं असतात. पण ती फार थोडी. अलीकडच्या मोजणीप्रमाणे शंभरात एक-दोन. मला एकतीस वर्षांत दोघं भेटले. त्यातले एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका. 'जन गण मन' शब्दांशिवाय पेटीवर वाजवलं तर त्यांना ओळखू यायचं नाही. ते दोन वर्षं आनंदाने येत होते आणि ताल असा धरायचे की माझी तरणी मुलं त्यांच्याकडे बघून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायची. म्हणजे तिथेही 'नाही' हे एकाच कप्प्यापुरतं होतं.

बाकीचे बेसूर हे खरे बेसूर नसतातच. त्यांना ऐकू येतं, गाठता येत नाही. आणि न गाठता येण्याचं पहिलं कारण मी नेहमी एकच तपासते: पट्टी, म्हणजे सा किती उंचीवर धरलाय ते. सामुदायिक क्लासमध्ये पंधरा मुलं, एक पेटी. मुलींची म्हणून एक ठरलेली पट्टी असते, बहुतेक ठिकाणी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी. मोठ्या बाईच्या गळ्याला ती बेताची बसते. दहा-अकराच्या, पातळ आवाजाच्या एखाद्या पोरीला मात्र त्या पट्टीतला सा च विहिरीच्या तळाशी जातो. ती गळा दाबते, श्वास संपतो, सूर खाली बसतो. सरांना काय दिसतं? तीन वर्षं शिकून हिला सा लागत नाही. बरं, सर पुरुष असले की ते गातात एक सप्तक खाली. मुलीने नक्की कोणाच्या मागे जायचं? काही मुलं सरांच्या सुराकडे, खाली, ओढली जातात, आणि ती सगळ्यांत जास्त आज्ञाधारक मुलं असतात हे मी वारंवार पाहिलंय. 'गळ्यात नाही' असा शिक्का घेऊन आलेली निदान सात-आठ मुलं केवळ सा दोन-तीन स्वर वर नेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत सुरात आलेली आहेत. त्यात माझी हुशारी शून्य. पेटीवर बोट दोन पट्ट्या उजवीकडे सरकवायला हुशारी लागत नाही.

दुसरं कारण पेटी स्वतः. मूल पेटीच्या सुराला टेकून गातं, काठी धरून चालल्यासारखं. पेटी थांबली की पडतं. तानपुऱ्यावर मात्र फक्त सा-प चालू असतात, बाकीचे सूर स्वतः शोधावे लागतात. सुरुवातीला फार बेसूर वाटतं, आईवडील घाबरतात. घाबरू नका. ते शोधणं म्हणजेच शिकणं. तिसरं, आणि हे कोणी सांगत नाही: वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं असू शकतं. एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ऐकण्याची तपासणी करून घ्या. साधी असते.

हे सगळं करूनही ती बेसूर राहिली तर? तर पुढे बोलू. पण तपासायच्या आधी 'नाही' म्हणू नका. देणगी नाही असं आपण ज्यांना म्हणतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना नीट शिकवलेलं नसतं, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते.

आता थोरली. हे लिहिताना मला थोडं अवघडतं, कारण ती थोरली मीच होते.

मला सगळं आपोआप यायचं. लालबाग-परळच्या मंडळांत बाराव्या वर्षापासून गायले, नाट्यगीतांच्या स्पर्धा मारल्या. बाई एक तान शिकवायच्या, मी तिसऱ्या खेपेला परत द्यायचे आणि बाईंचं तोंड वाकडं व्हायचं. तेव्हा वाटायचं, म्हाताऱ्या आहेत, कौतुक करवत नाही. बाविसाव्या वर्षी एका गणेशोत्सवात दहा दिवसांत चौदा कार्यक्रम केले, ध्वनिक्षेपकावर मात करून, आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी आवाज गेला. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं: स्वरतंतूंवर गाठी. तीन महिने बोलायचं नाही. घरात पाटी घेऊन फिरत होते.

बाईंनी त्या तीन महिन्यांत शिकवणी बंद केली नाही. मला समोर बसवून दुसऱ्यांना शिकवायच्या आणि पाटीवर लिहून विचारायच्या: हिचा रिषभ, म्हणजे रे, कुठे चुकला? चढा की उतरा? येताना चुकला की थांबताना? मला सांगता येईना. दहा वर्षं गात होते आणि रिषभाकडे कधी बघितलंच नव्हतं. तो आपला यायचा. जे आपोआप येतं ते कसं येतं हे माणसाला माहीत नसतं. मग ते गेलं की परत आणायची वाटही माहीत नसते. 'गाता गळा, शिंपता मळा' ही म्हण लोक रियाजासाठी सांगतात. मला त्या पाटीच्या महिन्यांत तिचा दुसरा अर्थ लागला: माझा मळा पावसावर होता, शिंपायचं मला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणजे शिकवलं होतं पण गरज पडली नव्हती.

आवाज परत आला, पण पूर्वीचा नाही. वरच्या सुरातली चमक गेली. मी आज जी काही शिक्षिका आहे ती त्या पाटीमुळे आहे. गायिका म्हणाल तर बेताची.

माझी गोष्ट लहान आहे. पण गळा गेल्याच्या मोठ्या गोष्टी आपल्या संगीतात आहेत, आणि त्यातल्या तिघांचा मुंबईशी संबंध आहे. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब, जन्म १८५५. तरुणपणी एका संस्थानिकाच्या आग्रहापायी इतके दिवस सतत गावं लागलं की आवाज फुटला. परतला तो जड, बदललेला. जुनी, गोड आवाजाची गायकी त्या गळ्यातून निघेना. मग त्यांनी गळ्याला झेपेल अशी, लयीच्या अंगाने गुंफत जाणारी वेगळीच गायकी बांधली. आज जिला आपण जयपूर गायकी म्हणून डोक्यावर घेतो ती अशी एका बिघडलेल्या गळ्याच्या सोयीतून उभी राहिली. पुढे कोल्हापूर दरबारी राहून ते मुंबईत आले आणि १९४६ साली इथेच गेले.

किशोरीताई आमोणकर. आई मोगूबाई कुर्डीकर, म्हणजे रक्त, घर, तालीम, काहीच कमी नाही. पंचविशीच्या आसपास त्यांचा आवाज गेला, सुमारे दोन वर्षं. त्या काळात त्या मनातल्या मनात गात असत. नंतर जी किशोरी लोकांनी ऐकली तिच्या गाण्यात सुराकडे बघण्याची जी नजर आहे ती त्या मुक्या दोन वर्षांत किती घडली, हे मोजता येणार नाही. पण मी तीनच महिने मुकी होते, म्हणून माझा अंदाज आहे.

आणि कुमार गंधर्व. हे उदाहरण तर देणगीवाले आणि मेहनतवाले दोघंही आपापल्या बाजूने वापरतात. सहा-सात वर्षांचं पोर मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गायचं. याहून मोठी देणगी कोणती? पण हुबेहूब म्हणजे दुसऱ्याचं. अकरा-बारा वर्षांचे असताना ते मुंबईत प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे शिकायला आले. देवधरांची शाळा ऑपेरा हाउसजवळ. नक्कल करणाऱ्या मुलाला 'का' विचारायची सवय तिथे लागली. पुढे क्षयाने गाठलं, १९४८ साली हवापालटासाठी देवासला गेले, सुमारे पाच वर्षं गाणं बंद. एक फुप्फुस निकामी. बरे झाल्यावर लांब दमाचं गाणं शक्यच नव्हतं. मग आखूड, तुटक, झोताने येणाऱ्या स्वरवाक्यांचं ते गाणं जन्मलं, ज्याची आज पुन्हा लोक नक्कल करतात, दोन्ही फुप्फुसं शाबूत असताना. (या नकलाकारांबद्दल बोलायला लागले तर उत्तर लांबेल.)

या तिघांकडे देणगी होती, यात वादच नाही. पण देणगीचा जो भाग आपल्याला दिसतो, आवाज, दम, फिरत, तोच नेमका गेला. उरलं ते काय? ऐकण्याची शिस्त, रागाची समज, आणि आता या तुटक्या अवजारातून काय काढता येईल हे शोधण्याची सवय. ती सवय शिकलेली असते. तुमच्या थोरलीवर असा प्रसंग येऊ नये, पण लहान प्रमाणात येणारच आहे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुलींचाही आवाज थोडा बदलतो, मुलांइतका फुटत नाही म्हणून लक्षात येत नाही. काही काळ आवाजात हवा येते, वरचे सूर निसटतात. जिला शोधून सूर लावायची सवय आहे ती तो काळ निभावते. जिला सगळं आपोआप आलं तिला वाटतं, आपली देणगी गेली, आणि ती गाणं सोडते. माझ्याकडे आलेल्या अतिशय गोड गळ्याच्या मुलींपैकी किती जणी विसाव्या वर्षापर्यंत टिकल्या हे मोजायला गेले तर मलाच वाईट वाटेल.

आता तुम्ही कदाचित दहा हजार तासांचं ऐकलं असेल, की तेवढा सराव केला की कोणीही तयार होतो. ते मुळात मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ सालच्या अभ्यासातून आलं. बर्लिनच्या अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांना त्यांनी विचारलं, आजवर एकट्याने किती सराव केलात? सर्वांत चांगल्या गटाची वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी दहा हजारांवर भरली. पुढे शिक्षक होणाऱ्या गटाची त्याच्या निम्म्याहून कमी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला जरा लागलंच. पण ती सरासरी होती. दहा हजारावा तास वाजला की दार उघडतं असं काही त्यात नव्हतं, आणि तसा अर्थ काढणाऱ्यांवर एरिक्सन स्वतःच पुढे वैतागले होते. शिवाय त्यांचा भर तासांपेक्षा सरावाच्या जातीवर होता: जे येत नाही त्यावरच बोट ठेवून, कोणीतरी चूक दाखवत असताना केलेला सराव. तुमची धाकटी रोज अर्धा तास बसते. त्या हिशेबाने दहा हजार व्हायला पंचावन्न वर्षं लागतील, तेव्हा ती सहासष्ट वर्षांची असेल. तास मोजूच नका. आणि चुकीच्या पट्टीत केलेले तीन वर्षांचे तास हे चुकीचेच पक्के झालेले असणार. त्यातले काही आता उसवावे लागतील.

२०१४ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्र बेरीज करून पाहिली गेली. संगीतात माणसामाणसातला जो फरक दिसतो त्यातला सुमारे २१ टक्के सरावाने उलगडतो, असा आकडा आला. म्हणजे सराव महत्त्वाचा, पण बराच भाग बाहेर. त्याच वर्षी स्वीडनमधल्या दहा हजारांहून जास्त जुळ्यांवरचा अभ्यास आला, तो मला अधिक विचार करायला लावणारा वाटला. तंतोतंत सारख्या जुळ्यांपैकी एकाने दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सराव केला होता, तरी सूर आणि लय ओळखण्याच्या चाचणीत दोघं सारखेच निघाले. आणि रियाजाला बसण्याची वृत्ती, तीही बऱ्याच अंशी रक्तातून येते असं दिसलं. म्हणजे आपण जिला 'नुसती मेहनत' म्हणून हिणवतो तीच एक देणगी. धाकटीकडे न सांगता बसण्याची देणगी आहे! बक्षीस समारंभात तिच्यासाठी ढाल ठेवलेली नसते इतकंच.

त्या जुळ्यांच्या अभ्यासावर माझी एक तक्रार आहे, अडाणी शिक्षिकेची म्हणा. त्यांनी मोजलं ते ओळखणं, करणं नव्हे. दोन सुरांतला फरक कळणं कदाचित सरावाने फारसं वाढत नसेल. पण यमन रागातला तीव्र मध्यम किती वेळ टांगून ठेवायचा आणि पंचमावर कधी सोडायचा, हे कोणाच्या रक्तात नसतं. ते कोणीतरी दाखवावं लागतं आणि शंभरदा चुकावं लागतं. कान ही जमीन आहे. ती कोणाची काळी, कोणाची मुरमाड. पीक कोणतं घ्यायचं हे जमिनीवर ठरतं हे मी मान्य करते. मुरमाड रानात ऊस लावू नये. पण पीक येतं ते राबल्यावर.

आणि 'यश' म्हणजे काय, हेही तुम्ही गृहीत धरलंय असं मला वाटतं. टीव्हीवरच्या स्पर्धेचा मंच डोळ्यांसमोर असेल तर तिथे आवाजाची जात पहिल्या वीस सेकंदांत निकाल लावते, हे खरं आहे. तिथे धाकटीला पाठवू नका. पण या शहरात गाण्यावर पोट भरणाऱ्या माणसांपैकी मंचावर किती? माझ्याकडे अकरा वर्षं शिकलेला एक मुलगा, आवाज खरखरीत, मैफलीत कोणी बसवणार नाही असा. त्याचा कान मात्र तयार झाला होता. आज अंधेरीला ध्वनिमुद्रण करतो, आणि मोठ्या गायकांना काचेपलीकडून सांगतो, "ताई, अंतऱ्यातला गंधार एकदा परत घेऊ." दुसरी एक, चर्चगेटला सरकारी कचेरीत नोकरी करून संध्याकाळी नाटकांच्या तालमींना गाणं बसवायला जाते. संगीतकारांना अशी माणसं लागतात जी गाणं पंधरा मिनिटांत उचलतील, स्वरलिपी वाचतील, सांगितल्या वेळेला पावसाळ्यात लोकल बंद असतानासुद्धा पोहोचतील, आणि तिसऱ्या टेकलाही तोंड पाडणार नाहीत. यातलं जवळजवळ सगळं शिकता येतं. गोड गळ्याच्या मुलींना हे शिकायचा कंटाळा येतो, कारण लहानपणापासून गळ्यावर भागत आलेलं असतं.

त्याहून जुनी उदाहरणं बघायची तर पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचं बघा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, शाळा जमेना, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवलं. पाळण्यातले पाय कोणी बघितले नव्हते. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ साली मुंबईत. फी भरून, परीक्षा देत, कोणीही येऊन गाणं शिकावं ही कल्पना त्यांनी रुजवली म्हणून आज तुमची धाकटी क्लासला जाऊ शकते. किंवा वाळकेश्वरचे भातखंडे, वकील माणूस. मैफलीचे गवई म्हणून कोणी त्यांचं नाव घेत नाही, पण त्यांनी गोळा केलेल्या बंदिशी आणि लावलेली रागांची व्यवस्था याशिवाय मी उद्याचा तास घेऊ शकणार नाही. उलट गायिका केसरबाई केरकर: देणगी अफाट, पण लहानपणापासून गुरू होत आणि सुटत गेले, तालीम तुटक. अल्लादिया खाँसाहेबांकडे सलग तालीम सुरू झाली १९२१ साली, तेव्हा त्या तिशीला आल्या होत्या. पुढे १९७७ साली त्यांच्या आवाजातली भैरवी व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या तबकडीत बसून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. तेव्हा 'अकराव्या वर्षी येत नाही म्हणजे संपलं' हे तुमच्या क्लासच्या सरांना सांगायचं धाडस कुठून झालं, देव जाणे.

एक कबुली द्यायलाच हवी. प्रत्येकाला सगळं जमतं असं मी म्हणत नाही, आणि तसं सांगून फी घेणाऱ्यांची मला चीड आहे. पट्टी बदलली, तानपुऱ्यावर बसवलं, वर्षभर एकेकटीला शिकवलं, तरी काहींचा सूर आणि गळ्याची गाठ पडत नाही. अशा दोघा-चौघांना मी स्पष्ट सांगितलंय की गायनात पुढची परीक्षा देऊ नका. एकाला तबल्याला पाठवलं, तो रमला. एकीला पाठवलं, ती रमली नाही आणि माझ्यावर अजून रागावलेली आहे. तिचं बरोबर असू शकेल.

तर आता घरी काय करायचं ते. थोरलीला गाणं म्हणू द्या, पण तिला आठवड्यातून एकदा असं काहीतरी द्या जे तिला पहिल्या फटक्यात येणार नाही. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, धरून ठेवायला सांगा. तिची चिडचिड होईल. त्या चिडचिडीत ती बसून राहिली तर अर्धं काम झालं. नाही बसली तर रागावू नका, बक्षिसांचं कौतुक मात्र थोडं कमी करा. "किती छान गातेस" याऐवजी "तो वरचा सूर आज कसा लावलास?" असं विचारा. तिला सांगता आलं नाही तर तेच तिचं पुढचं शिकणं. आणि दोघींना एकमेकींसमोर तोलू नका. धाकटी ज्या दिवशी सुरात येईल त्या दिवशी थोरलीला ते आवडणार नाही, त्याची तयारी तुम्ही ठेवा.

धाकटीसाठी येत्या रविवारी सकाळी, नाश्त्याआधी, अर्धा तास काढा. फोनवर तानपुऱ्याचं ॲप असतं, ते घ्या. पेटी नको. तिला सा गायला सांगू नका. आधी तिला नुसतं बोलू द्या, हसू द्या, मग "ओ" असा हाक मारल्यासारखा एक सोपा सूर काढायला सांगा, जिथे तिला सहज वाटेल तिथे. तो सूर पकडा आणि ॲपमध्ये तानपुरा त्याच्या आसपास आणा. रीत उलटी झाली: तानपुऱ्याने तिच्याकडे जायचं. मग तिथून अर्धा-अर्धा स्वर वर-खाली करत बघा, चेहरा कुठे सैल राहतो आणि मानेच्या शिरा कुठे दिसायला लागतात. शिरा दिसल्या की मागे या. सैल राहणाऱ्या जागेत सा-रे-ग एवढंच म्हणून घ्या, रेकॉर्ड करा, आणि तिलाच ऐकवून विचारा, कुठला सूर तुला पटला नाही? तिने बरोबर बोट ठेवलं तर कान शाबूत आहे, बाकीचं मी किंवा माझ्यासारखी कोणी शिकवू शकेल. ठेवलं नाही तर महिन्याने परत विचारा.

रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा. डोंबिवलीच्या उकाड्यात जड जाईल, पण पंख्यालाही स्वतःचा एक सूर असतो, आणि आज्ञाधारक मुलं त्यालाही धरतात.